मक्याचा बाप

म्हशी नर खात होत्या.

मी गिरणीवरून दळण घेऊन रानाच्या बांधावर चढले आणि पाहते तर माझ्या मक्यातली नराची सगळी ताटं कापून आडवी पाडलेली. त्यांच्या पेंढ्या बांधलेल्या. आणि आमच्या दोन्ही म्हशी पंगतीला बसल्यासारख्या कान हलवत हिरवेगार तुरे चघळत उभ्या. लिंबाखाली पलीकडच्या वाडीच्या बायांची टोळी भाकरी खात बसली होती. मला बघून टोळीची मुकादमीण सुभद्रा हसली.

“झालं बघ द्वारके तुझं. दोन दिवसांचं काम दुपारच्याला उरकलं.”

“काय उरकलं?”

“नर काढले की सगळे.”

दळणाचा डबा डोक्यावरून कधी खाली आला मला कळलं नाही. पीठ मातीत सांडलं आणि एक म्हैस तिकडेही तोंड घालायला आली.

ज्यांनी मक्याचं बियाणं कधी केलं नाही त्यांना हे समजायचं नाही, म्हणून सांगते. खायचा मका कुणीही करतो. पेरा, पाणी द्या, मोडा. बियाण्याच्या मक्यात चार ओळी मादीच्या असतात आणि एक नराची. दोघांची जात वेगळी. मक्याच्या प्रत्येक झाडाला डोक्यावर तुरा येतो आणि कमरेला कणीस. मादीच्या ओळीतले तुरे उघडायच्या आत उपटून टाकायचे, म्हणजे तिच्या कणसाला शेजारच्या नराचीच पिवळी भुकटी लागते. कणसातून रेशमासारखे केस बाहेर येतात, त्यांच्यावर ती भुकटी पडली की दाणा भरतो. ते एकदा झालं, की मग नराच्या ओळी कापून जनावरांपुढं टाकायच्या. बापाचं काम संपलं. माणसांतही अशीच रीत पाहिजे होती, असं माझी जाऊ गयाबाई म्हणायची.

सुभद्राची टोळी आठवडाभर दुसऱ्या गावात असे काम संपलेले नर कापत होती. तिथलं पीक पुढं होतं. माझ्याकडं त्यांना मादीचे उरलेसुरले तुरे उपटायला बोलावलं होतं. माझ्या मक्याचे केस नुकते कुठं बाहेर डोकावत होते. नराचे तुरे अजून उघडलेही नव्हते.

“अगं सटवे, कुणाला विचारून कापलंस?”

“आबाला इचारलं की! वाटंतच भेटले. म्हणलं, आबा, नर काढायचे ना? त्यांनी मान हालवली.”

आबा म्हणजे आमचे सासरे. मान हलवायला त्यांना कारण लागायचं नाही. मी तशीच घरी गेले. ते बाजेवर बसून तंबाखू मळत होते.

“आबा, तुम्ही नर कापायला सांगितलं?”

“नर काढत्यात म्हून ऐकलं व्हतं. मला काय ठावं कवा काढत्यात?”

“सगळं पीक गेलं.”

“गेलं तर गेलं.” त्यांनी तंबाखू दाढेखाली धरली. “आपलं ठरल्यालं हाय.”

ठरलेलं मला पाठ होतं. माझा नवरा आणि थोरले दीर एकाच ट्रकवर. एक चालवायचा, दुसरा झोपायचा. इंदूर नाहीतर नागपूर, महिन्यातून एखादं तोंड दाखवायचे. रान पाहायला कुणी नाही म्हणून आबा ते गावातल्या रंभाजीला बटईनं लावायला निघाले होते. तेव्हा मी आणि गयाबाई आडव्या पडलो. आम्ही करतो म्हणालो. आबांना हसू आवरेना. शेवटी म्हणाले, एक हंगाम करून दाखवा. दोघींतल्या एकीचंही पीक फसलं तर मिरगाच्या आधी सगळं रान रंभाजीच्या ताब्यात. तुम्ही चुलीपुढं, नाहीतर त्याच्याच हाताखाली मजुरीला.

बारा वर्षं मी त्या रानात खुरपं धरलं होतं. काय पेरायचं, कधी पेरायचं हे मला कुणी विचारलं नव्हतं. त्या हंगामात पहिल्यांदा मी माझ्या हातानं पाभर जोडली होती. आणि आता माझे नर म्हशींच्या पोटात.

गयाबाईकडं जाऊन रडावं म्हटलं तर तीही सोय नव्हती. ती माझ्याशी बोलत नव्हती.

त्याला कारण कंपन्या. आमच्या भागात तेव्हा मक्याच्या बियाण्याच्या दोन कंपन्या जोरात होत्या. खरी नावं इंग्रजी होती, कुणाच्या जिभेवर बसायची नाहीत. आम्ही पिशव्यांवरून म्हणायचो, लालवाले आणि निळेवाले. लालवाल्यांनी टोप्या वाटल्या की निळेवाले छत्र्या वाटायचे. एकानं शाळेची भिंत रंगवली की दुसरा देवळामागची धरायचा. बाजाराच्या दिवशी दोघांच्या जीपगाड्या समोरासमोर उभ्या राहून कर्ण्यावरून एकमेकांच्या मक्याला मरतुकडा म्हणायच्या. आणि आमचे लोक तर त्यांच्यापेक्षा येडे. लाल पेरणारा निळं पेरणाऱ्याच्या घरी चहा प्यायचा नाही. एका सोयरिकीत तर पोरीच्या बापानं विचारलं होतं म्हणे, जावई लाल पेरतो का निळं? उत्तर ऐकून सोयरीक मोडली.

बियाणं करून घ्यायलाही दोघांची चढाओढ. लालवाल्यांचा उगले माझ्याकडं आला, निळेवाल्यांचा पैठणे गयाबाईकडं. दोघांनीही नर आणि मादीचं बी वेगवेगळ्या पांढऱ्या पुडक्यांत दिलं. नाव नाही, गाव नाही. दिवाळीनंतर पेरलं. मका गुडघ्याला लागला तेव्हा उगलेच्या ध्यानात आलं, की माझ्या आणि गयाबाईच्या मक्यात मधे फक्त एक हरभऱ्याचं वावर आहे.

तो बांधावर उभा राहून असा ओरडला, जसा काही त्याच्या घरात साप निघाला.

“वहिनी, त्या निळ्यांचा पराग वाऱ्यानं इकडं आला तर आपलं बी बाद! हरामाची अवलाद होते ती!”

तिकडून पैठणे आला. “ए उगले, तुझाच कचरा आमच्यात उडून येतोय. तुझ्या वहिनीला मोडायला लाव.”

दोघं शर्टाला हात घालायच्या बेतात. शेवटी त्यांनीच ठरवलं. आधी पेरलं त्याचा हक्क. मी चार दिवस आधी पेरलं होतं. म्हणून गयाबाईच्या रानातला माझ्याकडचा पट्टा मोडायचा. कमरेएवढा होत आलेला मका. तिनं स्वतः रात्रीचं पाणी धरून वाढवलेला. औत घालताना मी पाहिलं, ती बैलांच्या पुढं चालत होती आणि एकदाही मागं वळून बघत नव्हती. मी जवळ गेले.

“बाई, मी काय करू? मी नाही सांगितलं त्यांना.”

“तू नको म्हणलीस का?” ती म्हणाली. “नाही ना? मग झालं.”

त्यानंतर महिनाभर एका घरात, एका चुलीवर, मुक्यानं. भाकरी थापायची ती, कालवण माझं. मधे आबा बसून मजा बघायचे.

तर अशी परिस्थिती. नर कापले त्या दुपारी मी रानात जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत उठले नाही. मक्याच्या केसांचं फार दिवस चालत नाही. आठवडाभरात ते सुकतात. वाट बघून बघून सुकतात. सगळीकडं नव्या केसांचे झुबके निघालेले, काही पोपटी, काही गुलाबी. नवऱ्या मुली नटून बसाव्यात आणि वऱ्हाडाची गाडी वाटेतच उलटावी, तसं ते रान दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दव उडालं तशी हरभऱ्यातून पाचोळ्याचा आवाज आला. गयाबाई. डोक्यावर मोठी पाटी, पाटीवर जुनं लुगडं झाकलेलं. तिनं पाटी उतरवली, लुगडं बाजूला केलं. पाटीत तुरे. मक्याचे, ताजे, पूर्ण उघडलेले. तिचं रान हलकं, मागून पेरूनही तुरे आधी फुटलेले. हात लागला की पिवळा धूर उडत होता.

“बाई, हे काय?”

“डोळं नाहीत का? नर हाय.”

“पण तुमचा नर निळ्यांचा.”

“मंग?”

“मग उगले काय म्हणतो माहीत आहे ना? बी बाद करतो तो. ते लोक आपलं बी हैदराबादकडं पेरून बघतात. झाड उगवलं की त्याचा बाप कोण ते आपोआप बोलतं म्हणाला.”

“बोलंल तवा बोलंल. आज कणसं उपाशी हायत.” तिनं पदर खोचला. “आन् ऐक. तुझ्यासाठी नाही आले मी. तुझं फसलं तर म्हातारा माझंही रान रंभाजीला देतो. कळलं? ऊठ आता, ऊन चढलं की भुकटी मरती.”

मी उठले. महिनाभरात तिनं माझ्याशी बोललेली ती पहिली वाक्यं. शिवी दिली असती तरी मला चाललं असतं.

एका हातात तुऱ्यांची जुडी धरायची आणि ओळीनं चालत कणसांच्या केसांवर हलकेच झटकायची. ती एका ओळीत, मी शेजारच्या. मकर संक्रांतीचे दिवस. अंगाला गोड थंडी. भुकटीचा एक वास असतो, ओल्या कण्यांसारखा, किंचित गोडूस. तो अजून कधी कधी मला झोपेत येतो. तासाभरात आम्ही दोघी केसांपासून पायांपर्यंत पिवळ्या झालो. गयाबाईनं माझ्याकडं बघितलं आणि तिला हसू फुटलं.

“द्वारके, दुसऱ्यांदी हळद लागली गं तुला.”

“आणि नवरा?”

“नवरा माझ्या रानातला! पाटीत घालून आणला. हुंडा नाही, मानपान नाही, रुसणं नाही.”

“आणि काम झालं की म्हशीला घालायचा.”

“मंग काय इंदूरला धाडायचा?”

आम्ही त्या मक्यात बसून इतक्या हसलो की पोट दुखायला लागलं. हसता हसता मी रडले. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं आणि ते अजूनच पिवळं झालं. गयाबाईला जाऊन आता वर्षं झाली. त्या रानावरून मोठा रस्ता गेला, मका उभा होता तिथं पेट्रोल पंप आहे. पण संक्रांतीचं हळदीकुंकू कुठंही असो, कुणी माझ्या कपाळाला हळद लावली की मला हरभऱ्यातून येणारी ती पाटीच दिसते.

मादीचे राहिलेले तुरे आम्हीच उपटले आणि केस सुकेपर्यंत रोज सकाळी तेच केलं. वाऱ्यानंही थोडी साथ दिली. बांधाकडच्या काही ओळी राहूनच गेल्या. तिच्या रानातले कडेचे तुरे गायब झालेले पैठणेच्या नजरेत आले.

“ताई, ह्या ओळीचे तुरे कुठं गेले?”

“डुकरं आली व्हती.”

“डुकरं ताट पाडतात. इथं ताटं उभी आहेत, तुरेच नाहीत.”

“शिकल्यालं डुक्कर आसंल,” गयाबाई म्हणाली.

उगले आला तेव्हा माझ्या मक्यात दाणे भरू लागले होते. नराच्या ओळी कापलेल्या पाहून तो खूश झाला. “शाब्बास वहिनी, वेळेवर काढलेत नर.” मी नुसती मान हलवली. मान हलवण्याची कला मी सासऱ्यांकडून शिकले होते.

शिमग्याला मका मोडला. कणसाच्या बिट्ट्या भरघोस. लाल कंपनीच्या गाडीतून माल गेला, त्यातला मूठभर नमुना हैदराबादकडं पेरायला गेला. आणि मग ती वाट बघणं. रोज वाटायचं, आज उगवलं असेल. आज झाड वीतभर झालं असेल. आज कुणीतरी शहाणा त्याच्यापुढं उकिडवा बसून म्हणत असेल, अरे, हा आपला नाही. निकाल बाद आला म्हणजे पीक फसलं. आबांचा शब्द काही बदलणार नव्हता. रंभाजी तर एक दिवस येऊन रान पायानं मोजूनही गेला. जाताना मला म्हणाला, “काळजी करू नका वहिनी, निंदणीला तुम्हालाच बोलवीन.”

त्याच्या डोक्यात दगड घालावासा वाटला. घातला नाही, एवढंच.

रोहिणीचं ऊन होतं. अंगणात आम्ही दोघी कुरडया उलथत होतो, आबा बाजेवर पडलेले. उगलेची फटफटी आली. माझ्या हातातली कुरडई मोडली. तो उतरला. हातात पेढ्यांचा पुडा.

“वहिनी, तोंड गोड करा! तुमचा माल पास. नुसता पास नाही, आपल्या सगळ्या पट्ट्यात एक नंबर. एवढं शुद्ध बी साहेबांनी बघितलं नाही म्हणे.”

मी गयाबाईकडं बघितलं. तिनं माझ्याकडं.

“काय सांगता साहेब,” मी म्हणाले. “नीट बघितलं का? चूक नाही ना झाली?”

“चूक? अहो, झाडन् झाड तपासतात. सगळी एकसारखी. आमच्या नराची ताकद आहे ती! तो निळ्यांचा नर बघा, नुसता मरतुकडा. तो लागला असता ना, तर झाडं बघूनच साहेबांनी ओकारी केली असती.”

खरं तर पेढा तोंडात टाकायचा आणि गप्प बसायचं. पीक पास झालं होतं, रान वाचलं होतं. पण माझ्यासमोर एकदम गयाबाई बैलांपुढं चालताना उभी राहिली. कमरेएवढा मका, आणि मागं न बघणारी ती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“उगले साहेब, माझ्या मक्याचा बाप कोण?”

“आँ?”

“बाप. कोण आहे?”

“आमचा नर! दुसरा कोण?”

“तुमचा नर तुरा उघडायच्या आत म्हशींनी खाल्ला. विचारा आमच्या सासऱ्यांना. माझ्या एकूण एक कणसाला निळ्यांची भुकटी लागली आहे. ह्या हातांनी लावली. आठवडाभर.”

उगलेच्या हातातला पुडा तसाच. आधी तो हसला. मग आमची तोंडं बघून त्याचं हसू विरलं.

“वहिनी, हे असलं बोलू नका. मी माल रद्द करीन!”

“कर,” गयाबाई म्हणाली. उलथनं तिच्या हातातच होतं. “पण रद्द करताना कारण सांग तुझ्या साहेबाला. म्हणावं, निळ्याचा नर लागला आन् तरी बी आपलंच निघालं. एक नंबर निघालं. सांगशील?”

अंगणात कावळा कुरडयांवर आला, त्याला कुणी हुसकलं नाही. उगले ओट्यावर बसला आणि म्हणाला, “पाणी मिळेल का?”

मी तांब्या दिला. तो घटाघट प्याला.

“मी पगारी माणूस आहे वहिनी,” तो खाली बघत म्हणाला. “आम्हाला पुडकी येतात, आम्ही वाटतो. पण कानावर आहे. दोघांनीही नर-मादी एकाच ठिकाणाहून विकत घेतलेत. आई तीच, बाप तोच. इथं आल्यावर पिशवी तेवढी आपापली.”

“पैठणेला ठाऊक आहे?”

“त्यानंच मला सांगितलं. गेल्या दिवाळीत. एका ताटात जेवतो आम्ही.”

“गेल्या दिवाळीत?” मी म्हणाले. “म्हणजे पेरायच्या आधी. आणि मग तुम्ही दोघं बांधावर एकमेकांच्या गळ्याला हात घालत होतात ते काय होतं? माझ्या जावेचा उभा मका कशाला मोडायला लावलात? भुकटी उडून आली असती तर कुठला हरामाचा होणार होता तो? सख्ख्या बापाचाच झाला असता!”

“नियम असतो वहिनी. दोन कंपन्यांमधे अंतर दिसायला लागतं.”

दिसायला लागतं. हे वाक्य मी आजवर विसरले नाही. टोप्या, छत्र्या, भिंती, कर्णे, बाजारातली भांडणं, मोडलेली सोयरीक, सगळं ह्या एका वाक्यात मावतं. मूळ एकच, आणि त्याच्यावर माणसं एकमेकांची डोकी फोडायला तयार. कारण अंतर दिसायला लागतं.

गयाबाईनं उलथनं खाली ठेवलं, उगलेच्या मांडीवरचा पुडा उचलला आणि दार दाखवलं. “जा आता. पेढं राहू दे.”

फटफटीचा आवाज लांब गेला. मग गयाबाई माझ्याजवळ आली, एक पेढा मोडला, अर्धा माझ्या तोंडात कोंबला.

“त्या दिवशी तुला वंगाळ बोलले,” ती म्हणाली. “नाही म्हणलीस का म्हून.”

“खरंच नव्हते म्हणाले बाई.”

“आता म्हणत जा.”

बाजेवर खुडबुड झाली. आबा उठून बसले होते. इतका वेळ झोपल्याचं सोंग होतं, हे आम्हाला दोघींनाही माहीत होतं. त्यांनी पायात वहाणा सरकवल्या, भिंतीवरची टोपी काढून झटकली.

“कुठं निघालात आबा?” मी विचारलं.

“रंभाजीकडं. म्हणतो त्याला, येऊ नको. रान मोकळं नाही.”

दारापर्यंत गेले आणि तिथंच घुटमळले. पाठमोरेच होते. मान खाली.

“आन् मिरगाला पेरायचं काय ते...” ते खाकरले. “काय पेरायचं?”

बारा वर्षांत त्या घरात तो प्रश्न बायकांच्या दिशेनं मी पहिल्यांदा येताना ऐकला. मी तोंडातला पेढा घाईघाईनं गिळू लागले.

“आधी जाऊन या,” गयाबाई म्हणाली. “आमचं ठरलं की सांगतो तुम्हाला.”